फळ्यावर न लागलेलं नाव

ऊन कडक पडलंय हे सोलापूरच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तरी पेठेतल्या लहानशा वाचनालयाबाहेरच्या काळ्या फळ्यावर कुंडलिक चवरे रोज सकाळी ते लिहायचा आणि लोक थांबून वाचायचे. पटक्याच्या शेवानं मान पुसत, घामानं निथळत ‘आज ऊन कडक’ एवढे शब्द वाचायचे, खरंय खरंय म्हणून मान हलवायचे आणि मग गिरणीच्या वाटेला लागायचे. फळ्यावर आलं म्हणजे पक्कं झालं, अशी पेठेची समजूत होती. ह्या समजुतीपायी पुढं एका बाईच्या जन्माचं वाटोळं झालं, पण तोवर ती समजूत भाबडी आणि गोडच वाटायची.

कुंडलिक वाचनालयाचा शिपाई. झाडलोट करायची, माठ भरायचा, वर्तमानपत्रं काठीला अडकवून ठेवायची, ही त्याची कामं. मोठ्या दुष्काळात बाप माढ्याकडचं कोरडं शिवार सोडून शहरात आला तेव्हा कुंडलिक पोरसवदा होता. अक्षरं शिकला ती मिशा फुटल्यावर, रात्रीच्या शाळेत. उशिरा मिळालेल्या गोष्टीचा माणसाला सोस फार. वाचनालयाचे चिटणीस अण्णाराव वकील; त्यांनी ‘उघडण्याच्या वेळा लिहीत जा’ म्हणून फळा आणून दिला, तर ह्या गड्यानं वेळा कोपऱ्यात ढकलल्या आणि उरलेल्या फळ्यावर आपला स्वतःचा संसार मांडला.

सगळ्यात वर हवामान. ते ठरवायची त्याची रीत अशी, की गच्चीवर जाऊन पश्चिमेकडं बघायचं, तंबाखूची चिमूट वाऱ्यावर सोडायची आणि खाली येताना अण्णारावांनी पुण्याहून आणलेल्या पाऱ्याच्या नळीकडं एकदा आदरानं पाहायचं. अंदाज निम्म्या वेळा खरा व्हायचा. तरी पेठेतले विणकर सकाळी रस्त्यात सुताचे लांबलचक ताणे पसरून खळ लावायच्या आधी एका माणसाला फळा बघायला धाडायचे. वळीव आला आणि ताणा भिजला तर शिव्या आभाळाला मिळायच्या, कुंडलिकला नाही.

त्याखाली ‘आजचे नवल’. जुन्या मासिकांतून काढलेलं काहीबाही. देवमासा हा मासा नव्हे. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. एकदा त्यानं ‘शहामृगास उडता येत नाही’ असं लिहिलं, तर उडता येत नाही त्याला पक्षी का म्हणायचं ह्यावरून चहाच्या दुकानात हातघाईची पाळी आली. मग ‘मनातले’ म्हणून एक ओळ. ती कुंडलिकच्या स्वतःच्या डोक्यातली. ‘सावली मागून मिळत नाही, तिच्याखाली जावे लागते’ असलं काहीतरी. त्याचा अर्थ काय हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. पण लिहून झालं की तो दोन पावलं मागं सरायचा, मान वाकडी करून ती ओळ बघायचा, आणि त्या घटकेला त्याच्यासारखा सुखी माणूस अख्ख्या सोलापुरात नसायचा.

शेवटी ‘आजच्या दिवशी’. इथं अण्णारावांच्या मनात राजे, लढाया आणि तह होते. कुंडलिकनं थोडे दिवस ते लिहिलं. मग गल्लीतली दगडाबाई आली.

“तात्या, उंद्या माज्या थोरल्याची तित हाय. मानमोडीच्या तापात गेला त्यो. राजाचं लिवता, माज्या पोराचंबी लिवा की.”

कुंडलिकनं लिहिलं. दगडाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कुठली ओळ ते विचारून घेतलं, त्या ओळीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. बोटाला लागलेला खडू दिवसभर तिच्या कपाळावर होता. त्या दिवसापासून राजे मागं पडले. कुणाची आई प्लेगात गेलेली, कुणाचा भाऊ विहिरीत, कुणाचं लेकरू नाव ठेवायच्या आधीच. फळ्यावर नाव लागलं की मेलेल्याला पाणी पोचलं, असं बाया म्हणायला लागल्या. सगळ्यांच्या तिथी कुंडलिकला तोंडपाठ. तीस सालच्या वैशाखात गावावर लष्करी कायदा बसला तेव्हा अण्णारावांचं धाबं दणाणलं आणि त्यांनी ‘फक्त हवामान लिही, बाकी एक अक्षर नको’ असं बजावलं. कायदा उठल्यावर कुंडलिकनं राहिलेली सगळी नावं एका सकाळी लिहून काढली, तेव्हा फळा पुरला नाही, त्यानं भिंतीवर कोळशानं लिहिलं.

एवढ्या सगळ्या नावांत त्याच्या स्वतःच्या पोराचं नाव नव्हतं.

मानसिंग त्याचा एकुलता एक. अठरा साली पाऊस दडी मारून बसला, ज्वारी दिसेना, गिरणीत जागा मिळेना, तेव्हा ऐन घटस्थापनेच्या दिवशी तो मुंबईच्या गोदीवर काम बघतो म्हणून आगगाडीत बसला. लग्नाची बायको विजयमाला नुकती नांदायला आलेली, जेमतेम सोळा-सतरा वर्षांची. मुंबईत त्या वेळी मानमोडीनं माणसं मुंग्यांसारखी मरत होती. कुणाला कुणी ओळखत नव्हतं, बेवारशी प्रेतं गाड्यांतून नेत होते. मानसिंगची काहीच बातमी आली नाही. कुंडलिक स्वतः जाऊन महिनाभर गोद्या आणि दवाखाने पालथे घालून आला. मेला म्हणून सांगणारा कुणी भेटला नाही, आणि जिवंत आहे म्हणून सांगणाराही.

अशा माणसाचं काय करायचं, ते रूढीनं ठरवून ठेवलेलं आहे. बारा वर्षं वाट बघायची. बारा वर्षांत माणूस आला नाही तर तो गेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि त्याच्या नावानं आंघोळ करायची. मग बायकोनं बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. ऐकायला वाईट आहे. पण कुंडलिकच्या भावकीत पाट चालत होता. विधवेला दुसऱ्याचं घर करता येत होतं. म्हणजे कुंकू पुसलं की विजयमालेला दुसऱ्यांदा लावता येणार होतं. पुसल्याशिवाय मात्र नाही. नवरा जिता की मेला हेच ठरलेलं नाही, अशा बाईचा पाट कोण लावणार?

ती बारा वर्षं विजयमाला सासरीच राहिली. पहाटे भोंग्याला गिरणीत जायची, सूत गुंडाळायच्या खात्यात दिवसभर उभी राहायची, घरी येऊन भाकऱ्या थापायची. सासू सोनाबाई दर सणाला तिच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या भरायची आणि म्हणायची, “माजं पोर जित्तं हाय, म्हनून तुज्या हातात ह्या हायती.” हळदीकुंकवाला बाया तिला बोलवायच्या, पण ओटी भरताना त्यांचे हात जरासे अडायचे. सवाष्ण की काय, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. गिरणीतून येताजाता फळ्यापाशी थांबून थांबून विजयमाला वाचायला शिकली होती. सासऱ्याला हे कळलं तेव्हा तो हरखला आणि त्यानं आठवडाभर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

तीस साली बारा वर्षं भरली. आणि इथं कुंडलिकची हुशारी त्याच्याच नरड्याला लागली.

भावकीतले वडीलधारे रावजी येऊन म्हणाले, “तात्या, घटाला बारा वर्सं झाली. आता उरकून घ्या.” कुंडलिक म्हणाला, तिथीनं झाली, पण इंग्रजी तारखेनं व्हायचीत अजून. तारीखही उलटली. मग त्यानं मधे पडलेले अधिक महिने काढले; ते धरायचे नसतात, वरून भरून द्यावे लागतात म्हणाला. असं शास्त्र कुठंच नाही, पण फळा लिहिणारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर रावजी गप्प बसले. अधिक महिन्यांची भरपाई झाली. मग कुंडलिकला आठवलं, की मानसिंग गेल्यावर दिवाळीत माढ्याच्या एका माणसानं कल्याणच्या ठेसनात त्याच्यासारखा कुणी पाहिल्याचं सांगितलं होतं, तेव्हा मोजणी तिथून करायला पाहिजे. सगळ्या गावाच्या मेलेल्यांचा दिवस चुकू न देणारा माणूस आपल्या पोराचा दिवस सारखा पुढं ढकलत होता. ह्याला लबाडी म्हणावं तर म्हणा. मला तरी ती लबाडी वाटत नाही. बापाचं काळीज ते, फळ्याच्या काळ्या लाकडासारखं थोडंच असतं? पण त्याची झळ लागत होती दुसऱ्यालाच, हेही तितकंच खरं.

त्या दुसऱ्याला मागणी आलेली होती. गिरणीतला कोंडीबा, बायको वारलेला, पदरात एक लहान मुलगी. सरळ माणूस. दारूचा नाद नाही, बोलणं कमी. त्यानं विजयमालेला आडून काही विचारलं नाही. रीतीप्रमाणं रावजींकरवी मागणी घातली. पंचांनी सांगितलं, आमची ना नाही. पण आधी कुंडलिकतात्यानं पोराचं नाव फळ्यावर लावू दे. त्याच्या फळ्यावर नाव लागलं की सगळी पेठ मानील, मागून कुणी बोट दाखवणार नाही. कोंडीबानं सहा-सात महिने वाट पाहिली.

शेवटी एकतीस सालच्या चैत्रात विजयमालाच वाचनालयात आली. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं. कुंडलिक वर्तमानपत्रं उलटसुलट लावत होता. ती उंबऱ्याशी उभी राहिली, पदर सारखा केला आणि भिंतीकडं बघत बोलली.

“मामंजी, समद्यांचं लिवता. आपल्या घरचं कवा लिवायचं?”

कुंडलिकनं अधिक महिन्यांचं काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली.

“ऱ्हाऊ द्या त्ये. म्या काय अडाणी न्हाय ऱ्हायले आता, तुमीच शिकिवलंय की. मला तिसावं लागलं. माजं मन कुनावर गेलंय आसं न्हाय. पर त्या मानसाचं लेकरू हाय, ते मला बगून पदराला धरतंय. मला संसार करायचाय, मामंजी. तुमाला टाकून न्हाय जायाची मी, दोन गल्ल्यांवर तर हाय त्येंचं घर. सांजचं यून भाकरी टाकून जाईन.”

एवढं ती बारा वर्षांत कधी बोलली नव्हती. कुंडलिकला रडू आलं. त्यानं तिथल्या तिथं शब्द दिला, की आखितीला लिहितो. अक्षय्य तृतीया हा पितरांना पाण्याचा घडा द्यायचा दिवस. त्या दिवशी पेठेतल्या झाडून साऱ्या मेलेल्यांची नावं फळ्यावर लागायची. त्यांत मानसिंगचंही लागेल, दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानांचा विधी, आणि महिना सरायच्या आत पाट. विजयमाला खाली वाकून पाया पडली आणि झपाझपा निघून गेली. त्या रात्री ती भाकरी थापताना गुणगुणत होती म्हणे. सोनाबाईनं ते ऐकलं आणि ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

आखितीच्या सकाळी कुंडलिक तांबडं फुटताना फळ्यापाशी आला. वर लिहिलं, ‘उष्मा फार. वारा नाही.’ मग खालची नावं लिहायला घेतली. दगडाबाईचा थोरला, विहिरीत गेलेला भाऊ, प्लेगातली आई. एकेक नाव तो ठरल्याप्रमाणं उतरवत गेला. शेवटी एका ओळीची जागा राहिली. त्यानं ‘मा’ काढला आणि त्याचा हात थांबला. लिहिलं की संपलं. आपल्या हातानं लिहिलेलं आपणच खोटं कसं म्हणणार? उद्या पोरगं दारात उभं राहिलं तर त्याला कुठल्या तोंडानं सांगणार, की तुला आम्ही नारळ ठेवून जाळला आणि तुझी बायको देऊन टाकली? त्यानं ‘मा’ पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. तेवढ्यात ‘आजचे नवल’ लिहायचं राहिलंय हे त्याच्या ध्यानात आलं. नाव लिहिण्यापासून घटकाभर सुटका म्हणून तो वरच्या ओळीकडं वळला, आणि कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलेली एक गोष्ट त्याला सुचली. सुचली म्हणण्यापेक्षा ती त्याच्या मनात दबा धरून बसलेली होती. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘समुद्रात हरवलेला एक खलाशी बारा वर्षांनंतर सुखरूप घरी परतला.’

मग त्याच्यानं खाली काही लिहवेना.

उन्हं वर आली तशी माणसं जमली. रावजी पंचांना घेऊन आले होते. कोंडीबा मागं, धुतलेलं धोतर नेसून. रावजींनी खालची नावं वाचली, एकदा, दोनदा. मानसिंगचं नाव नव्हतं. मग त्यांची नजर वर गेली आणि त्यांनी खलाशाची ओळ मोठ्यानं वाचली. पंच एकमेकांकडं बघायला लागले.

“तात्यानं नेमकं आजच ह्ये लिवलंय,” रावजी हळू म्हणाले, “म्हंजे त्येंच्या कानावर कायतरी आलं आसंल.”

कोंडीबा पुढं आला. “तात्या, मुंबईवरनं काय बातमी हाय का? आसंल तर सांगा, मी हितनंच मागारी जातो.”

नाही, एवढा एक शब्द म्हणायचा होता. कुंडलिकनं खडू ह्या हातातून त्या हातात घेतला. “तसं न्हाय,” तो म्हणाला, “पर… मानसाचं काय सांगता येतंय व्हय?”

पंचांना तेवढं पुरलं. आणखी एक वर्ष थांबू म्हणाले, घाई करून पाप कशाला घ्या. कोंडीबानं फळ्याला नाही, कुंडलिकला हात जोडले आणि तो गेला. त्याच्या आईनं मंगळवेढ्याकडची एक मुलगी केव्हाच बघून ठेवली होती. लहान पोरीला घेऊन आणखी वर्षभर एकट्यानं कुठं दिवस काढणार? पंधरवड्याच्या आत त्याच्या दारात मांडव पडला.

आखितीच्या संध्याकाळी विजयमाला गिरणीतून सुटली ती फळ्यापाशी थांबली. तिनं सावकाश सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत. घरी आली, हातपाय धुतले, चूल पेटवली. कुंडलिक जेवायला बसला, तेव्हा तिनं ताटात भाकरी ठेवत शांतपणे विचारलं:

“मामंजी, त्यो खलाशी घरी आला, तवा त्येची बायकू किती वर्साची झाली व्हती, ते न्हाय लिवलं?”

कुंडलिकनं हातातला घास ताटात ठेवला. सोनाबाई म्हणाली, “आगं, आशा सोडू ने मानसानं.” विजयमालेनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. त्यानंतर ती कधी त्या विषयावर बोललीच नाही. नेहमीसारखी कामाला जायची, नेहमीसारखी यायची. फक्त येताना फळ्याच्या रस्त्यानं यायची सोडून मागच्या बोळातून यायला लागली. कुंडलिकला हे चार दिवसांनी कळलं आणि ते त्याला शिव्या खाल्ल्यापेक्षा जास्त लागलं.

वैशाखाचा वद्य पक्ष लागला. आडांनी तळ गाठला, घागरीत गाळ यायला लागला. ‘पाणी उकळून प्यावे’ असं कुंडलिक रोज लिहीत होता, पण सरपण विकत घेऊन पाणी उकळणारी घरं पेठेत किती? पटकीची साथ आधी खालच्या गल्लीत आली, मग वर सरकली. एके दिवशी सकाळी विजयमाला गिरणीत उलट्या करत बसली. बायांनी तिला धरून घरी आणलं तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि हातापायांत गोळे येत होते. सरकारी डॉक्टर दुसऱ्या पेठेत अडकलेले. कुंडलिक उन्हात अनवाणी धावला, औषधाची बाटली घेऊन आला. ती पोटात ठरेना.

दुपारी घरातली हवा भट्टीसारखी झाली. तिच्या कपाळावर सोनाबाईनं सकाळी ठसठशीत लावलेलं कुंकू घामानं विरघळून भुवयांवर आलं, मग डोळ्यात उतरायला लागलं.

“आत्याबाई, पुसा की त्ये,” विजयमाला क्षीण आवाजात म्हणाली. “डोळं लई झोंबत्यात.”

“आसं बोलू ने बाई. कुंकू पुसत न्हाईत.”

“झोंबतंय वो…”

सोनाबाईनं डोळे पुसले, गाल पुसले, कपाळाला हात लावला नाही. उलट करंड्यातलं आणखी चिमूटभर घेऊन वर लावलं. कुंडलिक उशाशी बसून वारा घालत होता. आपल्या हातातल्या फडक्यानं एकदा ते कपाळ स्वच्छ पुसावं असं त्याला फार वाटलं. त्याचा हात उठला नाही. दिवस कलायच्या आत ती गेली.

आणि मग पेठेतल्या बाया आल्या. बारा वर्षं जिची ओटी भरताना त्यांचे हात अडत होते तिला त्यांनी हिरवं लुगडं नेसवलं, हात भरून बांगड्या घातल्या, कपाळभर मळवट भरला. अहेव मरण आलं, भाग्याची गं बाई, नवऱ्याच्या आधी गेली, असं एकमेकींना सांगत रांगेनं तिच्या पाया पडल्या आणि तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं घेऊन आपापल्या कपाळाला लावून गेल्या. सोनाबाई ऊर बडवत होती, पण रडताना मधेच म्हणत होती, “माज्या घरातनं सवाशीन गेली. माजं पोर जित्तं हाय.” अग्नी कुणी द्यायचा असा प्रश्न निघाला. नवरा असताना दुसऱ्यानं का, असं एकजण म्हणालासुद्धा. शेवटी कुंडलिकनं दिला.

दुसऱ्या दिवशी अण्णारावांनी निरोप धाडला होता, की फळा आज कोरा राहिला तरी चालेल. कुंडलिक तरीही गेला. गच्चीवर चढला नाही. आभाळाकडं पाहिलं नाही. सरळ खालची ओळ लिहायला घेतली: ‘काल वैशाख वद्य दशमीस सौ.’ आणि तिथं थांबला. त्या ‘सौ.’कडं तो बराच वेळ बघत राहिला. हे अक्षर आपणच बारा वर्षं त्या पोरीच्या मानेवर ठेवलं, दुसऱ्या कुणी नाही. निदान आज तरी खोटं नको, असं त्याच्या मनानं घेतलं. जे तिला हवं होतं ते आता तरी द्यावं. त्यानं सगळं पुसलं आणि भरभर लिहिलं, हात न अडता:

‘मानसिंग कुंडलिक चवरे. बारा वर्षांपूर्वी मुंबईस वारला. तिथी ठाऊक नाही. त्याची विधवा विजयमाला काल वारली.’

लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. त्याला वाटलं, आपण एक तरी गोष्ट नीट केली.

गिरणीला जाणारी माणसं थांबली, वाचली, आणि कुणीच मान हलवली नाही. बाया कुजबुजायला लागल्या. कालच त्यांनी तिचं कुंकू कपाळाला लावून नेलं होतं. काहींच्या कपाळावर ते अजून होतं. एकीनं ते तिथल्या तिथं पदरानं खसाखसा पुसून टाकलं. कुणीतरी धावत घरी जाऊन सांगितलं असावं, कारण थोड्या वेळानं सोनाबाई आली, केस मोकळे, डोळे सुजलेले. गर्दीत कोंडीबा उभा होता. तिनं त्यालाच विचारलं.

“कोंडीबा, काय लिवलंय रं त्येंनी?”

कोंडीबानं वाचून दाखवलं. ‘विधवा’ ह्या शब्दाशी त्याचा आवाज चिरकला, पण त्यानं शेवटपर्यंत वाचलं.

सोनाबाई नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही.

“ती पाया पडून मागत व्हती, तवा तुमचा हात उटला न्हाय,” ती म्हणाली. “काल डोळं झोंबत्यात म्हनून रडत व्हती, तवा तुमचाबी उटला न्हाय, माजाबी न्हाय. आन् आज मेलेल्या बाईचं कुंकू पुसाय बरा उटला.”

कुंडलिक खडू धरून उभा राहिला. तिचं अक्षरन् अक्षर खरं होतं.